फातिहातला साहेब

अब्बा,

तुमच्या साहेबाचा एक थेंबही आपल्या अंगात नाही. हे तुम्हाला समोर बसवून सांगायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही काय केलं असतं तेही मला ठाऊक आहे. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलून आत डोकावला असतात आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला असतात, मशीनला काय कळतंय. पण तुम्ही कुवेतच्या सुलैबिखात कब्रस्तानातल्या वाळूत झोपलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमचा दगड कुठला हे मला दरवेळी रखवालदाराला विचारावं लागतं. म्हणून लिहितेय. दुपारची वेळ आहे. दस्मानच्या या घरात सगळे जेवून आडवे झालेत आणि मी तुमच्याच स्वयंपाकघरात, तुमच्याच स्टुलावर बसलेय. स्टुलाचा पाय अजून तसाच लंगडा आहे, तुम्ही घातलेली पुठ्ठ्याची घडी तेवढी मी अधूनमधून बदलते. या खिडकीतून पूर्वी अख्खा समुद्र दिसायचा. आता दोन टॉवरांच्या मधून त्याची चिंधीभर पट्टी दिसते, तीही उन्हाची धूळ नसेल तेव्हा.

त्या साहेबाची गोष्ट तुम्ही कुणाकुणाला सांगितली नाहीत? मासेवाल्याला सांगितलीत, बकाल्यातल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातल्या, मल्याळी पोराला सांगितलीत, या घरात पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला चहा देता देता सांगितलीत. आमचा साहेब दापोलीच्या कॅम्पात जन्मला, मग मोठा होऊन बर्फाच्या समुद्रात गेला, कुणी काढला नव्हता असा नकाशा त्याने काढला, आणि स्कॉटलंडमध्ये त्याच्या गावी त्याचा पुतळा आहे, हातात दुर्बीण घेतलेला. मधल्या काळात तो एकदा कोकणात परत आला आणि आपल्या घरात एक मुलगा ठेवून गेला, त्या मुलाचे आपण वंशज. पुरावा काय, तर आपले घारे डोळे. तौबा! घारे डोळे तर हर्णैपासून दापोलीपर्यंत गल्लोगल्ली आहेत, त्या सगळ्यांच्या घरी काय साहेब येऊन गेले होते? पण दुसरा पुरावा तुमच्याकडे होता आणि त्यापुढे मीही गप्प बसायची. आपल्याकडे शब्बे-बरातला फातिहा देताना गेलेल्यांची नावं एकेक करून घेतात. आधी थोरली दादी, मग तिचे मुलगे, मग त्यांची मुलं, अशी खाली खाली तुमच्या वडिलांपर्यंत. आणि थोरल्या दादीच्या मुलग्यांच्या पाठोपाठ, रोटाच्या आणि हलव्याच्या ताटासमोर, मौलवी चाचरत चाचरत एक इंग्रजी नाव घ्यायचे. तुम्ही म्हणायचात, फातिहात परक्याचं नाव कोण घेईल? रक्ताचा असल्याशिवाय घेतात का? मला ते पटायचं. कुणालाही पटलं असतं.

तुम्ही तरुणपणी अहमदीला तेल कंपनीच्या एका स्कॉटिश इंजिनिअरच्या बंगल्यावर स्वयंपाक करायचात. त्याच्या दिवाणखान्यात त्या पुतळ्याचा फोटो होता आणि खाली नाव. तुम्ही ते नाव अक्षर अक्षर लावून वाचलंत आणि म्हणालात, हा तर आमचा. एवढ्या एका वाक्यावर तुमचं नशीब उघडलं. त्या इंजिनिअरने तुम्हाला मित्रांसमोर उभं केलं, नातलग म्हणून पाठ थोपटली, आणि देशी परत जाताना चौकड्यांची जाड लोकरी चादर दिली. कुवेतमध्ये लोकरी चादर! आईने ती फडताळात टाकली आणि वर डांबराच्या गोळ्या टाकल्या. अजून आहे. कसर लागलेली नाही.

तुम्ही अहमदी सोडून या घरी आलात तरी दर थंडीत तिथले साहेबलोक त्यांच्या सणाला तुम्हाला बोलवायचे. एका वर्षी मला बरोबर नेलंत. मी सात-आठ वर्षांची असेन. मला स्वयंपाकघराच्या दारात उभी केलीत, हातात केक दिलात. मोठा हॉल आहे, लांबच्या लांब टेबलं आहेत, गोरे पुरुष आणि उघड्या खांद्यांच्या बायका. आणि मग एक माणूस पिशवीची पिपाणी फुंकत आत येतो, आणि त्याच्यामागून तुम्ही. हातात मांसाचं ताट, आणि कमरेला तो त्यांच्या पुरुषांचा चौकड्यांचा घागरा. खाली तुमच्या काटकुळ्या पोटऱ्या. सगळे टाळ्या वाजवतात. कुणीतरी काहीतरी बोलतो आणि हॉल हसतो. सगळ्यांत मोठ्याने तुम्ही हसता. मी केक दाराच्या मागे ठेवून दिला. घरी येताना गाडीत मी म्हटलं, अब्बा, ते तुम्हाला हसत होते. तुम्ही इतके चिडलात की ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. "बाकीच्या कुकांना देतात का ते कपडे घालायला? मी रक्ताचा आहे म्हणून देतात." मी तुमच्या रक्ताबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही.

आता या घराचं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, पण माझ्या बाजूने तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत. मी जन्मले त्याच महिन्यात इथल्या मॅडमना मुलगा झाला आणि त्यांना बाळंतपणाचा ताप चढला. आईने एका बाजूला मला आणि एका बाजूला त्याला घेतलं. दोन वर्षं पाजलं. त्या दिवसापासून तो माझा दूधभाऊ, आणि या लोकांत ही गंमत नाही, मजहबची बाब आहे. त्याच्यासमोर मी पडदा करत नाही, त्याचं माझं लग्न होऊ शकत नाही, तो मला जन्मभर "उख्ती" म्हणून हाक मारतो, म्हणजे माझी बहीण. तुम्हाला याचा केवढा अभिमान! मधली काही वर्षं मी तुमच्या बहिणीकडे, फूफूकडे गावी होते, मराठी शाळेत शिकले, मास्तर म्हणायचे हिला पुढे शिकवा. मग आई गेली आणि तुम्ही मला परत बोलावलंत, स्वयंपाकघरात हाताखाली कुणीतरी हवं म्हणून. स्थळं आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, ही आमची मुलगी आहे, आम्ही बघू. त्यांनी बघितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाहीत. इराकी शिरले त्या वर्षी घरातले सगळे सौदीला पळाले, तुम्ही राहिलात, घरातला चाकूसुद्धा हलू दिला नाहीत, आणि परत आल्यावर त्यांनी किल्ल्यांचा जुडगा तुमच्याकडेच ठेवला. तुमच्यानंतर तो माझ्या कमरेला आला. माझ्या इकाम्यावर, इथे राहायच्या परवान्यावर, मात्र बहीण असं लिहिलेलं नाही. घरकामाला ठेवलेली बाई असं लिहिलेलं आहे.

माझा भाऊ वाईट नाही, अब्बा. वाईट असता तर सोपं होतं. आता म्हातारा झालाय, साखर आहे, पाय सुजतात, सुना हॉटेलातून मागवतात ते खात नाही. माझ्या हातचं नसेल तर ताट बाजूला सारतो. गेल्या रमजानच्या आधी त्याच्या दीवानियात, म्हणजे बाहेरच्या बैठकीत, कुणी नवे पाहुणे आले होते. मी खजूर ठेवायला गेले तर पाहुण्याने विचारलं ही कोण. त्याच्या नातवाने इंग्रजीत काहीतरी सांगितलं, त्यात मेड हा शब्द मला कळला. माझा भाऊ त्या पोरावर असा ओरडला की विचारू नका. "माझी बहीण आहे ही! एका छातीवर वाढलोय आम्ही." खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. आणि मग माझ्याकडे वळून तितक्याच प्रेमाने म्हणाला, "उख्ती, चहा आण."

मी चहा आणला.

मला जायचंय, अब्बा. एवढीच माझी गोष्ट आहे, बाकी सगळं तिच्या आजूबाजूचं. फूफू अजून आहे, नव्वदीला टेकली, गावच्या घरात एकटी. पोफळीच्या झापा अंगणात पडतात त्या उचलायला माणूस नाही. फोनवर दरवेळी एकच विचारते, बाय, कधी येशील. सुट्टीवर नाही, कायमची. मी भावाला दोनदा विचारून पाहिलं. पहिल्या वेळी म्हणाला, जा की, पंधरा दिवस जा. दुसऱ्या वेळी कायमचं म्हटलं तर रडायलाच लागला. एवढा मोठा माणूस, पांढरी दाढी. म्हणाला, माझं काय चुकलं ते सांग, बहीण भावाचं घर टाकून जाते ती कशामुळे? काय सांगू? नोकरी असती तर सोडता आली असती, नोटीस दिली असती, पगार घेतला असता. बहीणपण कसं सोडायचं? त्याच्यासमोर उभं राहून, मला तुझी बहीण म्हणून इथे मरायचं नाही, हे वाक्य मी या स्वयंपाकघरात भांड्यांना शंभरदा ऐकवलं असेल. त्याला ऐकवलं नाही.

अशात तुमची नात आली. माझ्या थोरल्या भावाची, तुमच्यामागून गेलेल्या दादाची मुलगी, आता अहमदीलाच इंजिनिअर आहे, तुमच्या जुन्या बंगल्याच्या रस्त्यावरच तिचं ऑफिस. मराठी समजते, बोलत नाही. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, मध्ये अडलं की हिंदी. तिचा मॅनेजर स्कॉटिश. जेवता जेवता तिने तुमची गोष्ट त्याला गंमत म्हणून सांगितली तर तो उडालाच. तो त्या साहेबाच्याच गावच्या बाजूचा. त्याने सांगितलं की दर उन्हाळ्यात पुतळ्यापाशी साहेबाच्या घराण्यातले लोक जमतात, त्याच्या भावांचे वंशज, जगभरातून येतात. भाचीने त्यांना मेल टाकला. उत्तर आलं, अगदी अदबीचं. त्यांनाही अशी एक कुणकुण होती म्हणे की हिंदुस्थानात कुणीतरी असावं. नातं सिद्ध झालं तर तुमच्या घरातल्या सर्वांत वडील व्यक्तीला आम्ही मानाने बोलावू, व्हिसासाठी लागेल ते पत्र देऊ. फूफू काही या वयात विमानात बसायची नाही, तेव्हा घरातली सर्वांत वडील व्यक्ती म्हणजे मी! मी दोनदा वाचून घेतलं तिच्याकडून.

तिने लगेच शोधाशोध केली आणि पहिल्याच दिवशी घोडं अडलं. साहेब तीन वर्षांचा असताना त्याला बोटीने स्कॉटलंडला नेलं, आणि तो पुन्हा कधी हिंदुस्थानात आला असं कुठेही लिहिलेलं नाही. लग्नही केलं नाही. पोरगी म्हणाली, देन हाउ? मी तिच्यावर खेकसले. असल्या गोष्टी पुस्तकात लिहितात का, म्हटलं. येऊन गेला असेल गुपचूप. फातिहात नाव उगाच घेतात होय? बघा, तुमचीच वाक्यं माझ्या तोंडातून. मग तिने मॅनेजरकरवी ती, कुणाचं रक्त कुठलं ते सांगणारी, थुंकीची तपासणी मागवली. नळीत थुंकायचं, आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. मी नेमका मचबूसच्या, इथल्या मटण-भाताच्या, रश्शाचा मसाला चाखला होता. पुन्हा थांबावं लागलं, घड्याळाकडे बघत, तोंड मिटून. बाकीचा स्वयंपाक आयुष्यात पहिल्यांदा न चाखता वाढला, आणि मीठ बरोबर पडलं होतं.

त्याच संध्याकाळी मी भावाला सांगितलं. त्याला ती गोष्ट तुमच्याकडून लहानपणापासून पाठ. मी म्हटलं, अब्बांच्या घराण्यातले लोक बोलावतायत, नातं निघालं तर जावं लागेल, तिथून मग गावी जाईन, फूफूपाशी राहीन. त्याने हातातली तसबीह मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "रक्त बोलावतंय तर मी कोण अडवणारा? दूध रक्ताच्या आड येत नाही." त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलं, अब्बा. मला तेवढंच हवं होतं. स्कॉटलंड मेलं कुठेही असेना, पुतळा मला काय करायचाय, या वयात मी कशाला जाते बर्फात. पण या घरातून मान वर करून बाहेर पडायला दुधापेक्षा मोठं असं काहीतरी हवं होतं, आणि ते तुम्ही ठेवून गेला होतात. त्या रात्री मी तुमच्यासाठी इतकी दुवा मागितली. तुमची चौकड्यांची चादर काढून गच्चीवर उन्हात टाकली, डांबराचा वास जावा म्हणून. घरातल्या श्रीलंकन बाईला वाटलं मला थंडी वाजून ताप आलाय.

निकाल आला तो दिवस शुक्रवार. भाची घरी आली, लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला, कांद्याची सालं बाजूला सारली. नकाशा होता. आपली कोकणपट्टी रंगवलेली, गुजरातचा थोडा तुकडा, थोडं समुद्रापलीकडचं अरबस्तान. वरती ते थंड बेट कोरं. मी विचारलं, म्हणजे थोडंसं? ती म्हणाली, "झीरो. नॉट इव्हन अ लिटल." आणि साहेबाच्या भावांचे जे वंशज आहेत त्यांच्याशीही काही जुळलं नव्हतं. मी कांदा चिरत राहिले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मला कळलं की मी कांदा चिरत नव्हते, नुसती सुरी धरून उभी होते. सगळं घर माझ्याभोवती एकदम जवळ आलं, त्या ओट्यासकट, त्या फ्रीजसकट.

दुसऱ्या दिवशी मी फूफूला फोन लावला. रागाने लावला. म्हटलं, आपल्या फातिहात त्या गोऱ्याचं नाव कुठून आलं ते आज मला सांगच. फूफूला ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकलं. हसायला लागली. "रगत कसलं गो बाय? दूध होतं ते." थोरली दादी कॅम्पाच्या शेजारच्या वाडीत राहायची. कॅम्पातल्या मॅडमला मुलगा झाला आणि दूध उतरलं नाही. दादीची कूस तेव्हाच उजवली होती. तिने दोघांना पाजलं, तीन वर्षं सांभाळलं, आणि मग एके दिवशी हर्णैच्या बंदरातून ते त्याला घेऊन गेले. पुढे दादी म्हातारी झाल्यावर मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं की तो एवढा मोठा झाला आणि आता गेला. दादी म्हणाली, माझा दूधमुलगा आहे, माझ्या मुलग्यांबरोबर त्याचंही नाव घ्या. मौलवी कुरकुरले, तो आपल्यातला नव्हे. ती म्हणाली, तुम्ही फातिहा द्या, बाकीचं अल्ला बघेल. तेव्हापासून घेतात.

मी फूफूला म्हटलं, मग हे अब्बांना कुणी कधी सांगितलं नाही? तर ती म्हणाली, "त्याला ठाऊक होतं की. पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा मीच विचारलं, दुधाचं रगत कधी केलंस रे? तर मला म्हणतो, साहेबलोकांत दुधाला कोण विचारतो?"

तुम्हाला ठाऊक होतं.

त्या घागऱ्यात उभे होतात तेव्हा ठाऊक होतं. गाडीत माझ्यावर ओरडलात तेव्हा ठाऊक होतं. खोटं बोललात याचा मला राग नाही, अल्लाशप्पथ नाही. परक्या मुलखात माणूस पाठ टेकायला काहीतरी शोधतो, तुम्ही एक आजोबा शोधलात, शोधा. पण दुधाला कोण विचारतो हे ज्या माणसाला एवढं पक्कं माहीत होतं, त्याने स्वतःच्या लेकीला दुधाच्या नात्यावर या घरात ठेवली? थोरल्या दादीने पाजलं, तो जाऊन पुतळा झाला. तिकडे एका तरी माणसाला तिची आठवण आहे का? आईने पाजलं, तो या घराचा मालक झाला आणि मी त्याची उख्ती झाले, मागच्या खोलीतली. दूध लग्नाच्या आड येतं, वारसाहक्क देत नाही, इकाम्यावर उमटत नाही. हे सगळं तुम्हाला कळत होतं. आणि तरी हॉस्पिटलात माझा हात धरून काय म्हणालात? म्हणालात, हे तुझ्या भावाचं घर आहे, इथून तुला कुणी उठवणार नाही. खरं झालं तुमचं. कुणी उठवत नाही. मला स्वतःलाही उठता येत नाही. मी तुमच्यावर इतकी कधीच रागावले नव्हते, तुम्ही जिवंत असतानाही नाही, आणि आता रागावून तरी कुणावर आदळू? भांडी तेवढी आदळतेय.

भाचीला म्हटलं, त्या लोकांना खरं काय ते कळव, आमच्या दादीने तुमच्या माणसाला पाजलंय, वाढवलंय. तिने कळवते म्हटलं, पण तिचा चेहरा पडलेला. त्यांना नात्याचा पुरावा लागतो, दुधाची टेस्ट नसते, असं हिंदीत म्हणाली. अजून उत्तर नाही. येईलही, अदबीचंच येईल.

भावाला सांगायचं मी चार-आठ दिवस टाळलं. मग एका सकाळी त्याच्या पायांना तेल लावताना सांगितलं की रक्त काही निघालं नाही, दूधच होतं तेही. त्याने डोळे मिटले. मला वाटलं माझ्यासाठी वाईट वाटलं. डोळे उघडले तर हसत होता, पोरासारखा, सगळे दात दाखवून. "मग दूध काय कमी आहे?" म्हणाला. "बघ, अल्लाला तुला इथेच ठेवायचं होतं." आणि दुपारी त्याने मुलाला बाजारात पाठवून अख्खं कोकरू आणवलं, बहीण राहिली म्हणून घरात जेवण. ते कोकरू कुणी शिजवलं हे तुम्हाला सांगायला नको.

मागच्या आठवड्यात शब्बे-बरात झाली. या घरात ताटासमोर फातिहा देत नाहीत, त्यांना ते चालत नाही, म्हणून मी आईसारखी माझ्या खोलीत दार लावून देते. रोट केला होता, थोडा रव्याचा हलवा. नावं घ्यायला बसले. थोरली दादी म्हटलं आणि थांबले. तिचं नाव काय? मी फूफूलाही विचारलं होतं, तिलाही ठाऊक नाही. थोरली दादीच म्हणतात, पहिल्यापासून. साहेबाचं नाव अख्ख्या घराला पाठ, आडनावासकट, आणि जिने ते फातिहात घालायला लावलं तिचं कुणालाच आठवत नाही. मी ठरवलं होतं की या वर्षी त्याचं नाव गाळायचं. दादीचे मुलगे झाले, जीभ अडखळली, आणि नाव आपोआप आलं. मग तुमचं घेतलं. रागातच घेतलं, पण घेतलं. आईचं, दादाचं घेतलं. आणि ओंजळ तोंडावरून फिरवताना मनात आलं, इथे माझं कोण घेईल? भाऊ माझ्याआधी जाईल. त्याच्या नातवाला माझं नावही माहीत नसेल, त्याने कधी ऐकलंच नाही. मला घरात सगळे उख्तीच म्हणतात.

आतापर्यंत मी तुम्हाला हे असं सांगत आले की कुणीतरी मला कोंडून ठेवलंय. भाचीलाही तसंच वाटतं. ती एकदा विचारत होती, पासपोर्ट किसके पास है, आणि तिला वाटलं तो भावाच्या तिजोरीत असणार. मी मान हलवून हो म्हटलं. खरं म्हणजे पासपोर्ट मधल्या कपाटात आहे, घरातल्या सगळ्या नोकरमाणसांचे तिथेच असतात, आणि त्या कपाटाची किल्ली तुमच्या जुडग्यातली ती पितळी, चपटी. भावाने ती कधी परत मागितली नाही. बहिणीकडून कोण मागतो? इतकी वर्षं ती माझ्या कमरेला आहे, अब्बा, या क्षणीही आहे, लिहिताना स्टुलाच्या कडेला लागून वाजतेय.

आत तो जागा झालाय. हाक मारतोय. चहा टाकायला उठते.